जमिनीवरून

दिवा हिरवा झाला आणि त्याचं काय करायचं ते एकनाथला कळेना. डेव्हन ॲव्हेन्यूवर रविवारची दुपार होती. पुढे बस, मागे गाड्यांची रांग, फुटपाथवर साड्यांच्या दुकानासमोर एक बाई मुलीच्या खांद्यावर ओढणी टाकून रंग बघत होती. हे सगळं त्याला दिसत होतं. दिवाही दिसत होता. तो हिरवा आहे हे कळत होतं, 'हिरवा' हा शब्दसुद्धा जागेवर होता. फक्त हिरव्यानंतर जे यायला हवं ते आलं नाही. अंधारात ओळखीचा जिना उतरताना पाय टाकावा आणि तिथे पायरीच नसावी, तसं. पाय ब्रेकवर होता आणि त्या पायाकडून काय अपेक्षा आहे हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. बस पुढे निघून गेली. पुढचा रस्ता मोकळा झाला आणि त्या मोकळ्या रस्त्याकडे तो एखाद्या चित्राकडे बघावं तसा बघत राहिला. मागून हॉर्न वाजले. शेजारी शुभा पिशवीत हात घालून कोथिंबिरीच्या जुड्या वरखाली करून बघत होती. "अहो, चला ना," ती वर न बघताच म्हणाली, आणि त्या शब्दांसरशी सगळं परत आलं. पाय उचलला गेला, गाडी पुढे सरकली, शुभा कोथिंबीर कशी आतून काळी निघते ते सांगत राहिली. एकनाथने हातांकडे पाहिलं. ते स्टीअरिंगवर अगदी बरोबर जागी होते. जणू ते मघाशीही तिथेच होते आणि आपणच कुठेतरी जाऊन आलो.

ऊन होतं, दुपारचा चहा झाला नव्हता, वय सहासष्ट. अशी कारणं शोधायला त्याला जड गेलं नाही. सगळी नोकरी त्याने यंत्रांची कारणं शोधण्यात घालवली होती. शॉमबर्गच्या एका कंपनीत पाकिटं बंद करणाऱ्या मशीनची कंट्रोल्स तो बनवायचा, आणि एखादं मशीन मधेच क्षणभर थांबून पुन्हा सुरू झालं तर ते बंद पडलेल्या मशीनपेक्षा अधिक त्रासाचं, हे त्याने हाताखालच्या पोरांना कित्येकदा सांगितलं होतं. बंद पडलेलं उघडून बघता येतं. जे आपोआप सुरू झालं त्यात बघायचं काय? पुढच्या आठवड्यात तो हँगरवर गेला, जिथे त्याने स्वतः बांधलेलं लहान विमान असायचं. डेल तिथेच होता. डेल त्याचा हँगरमधला शेजारी, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला, आयुष्यभर विमानं उडवलेला माणूस. बाकाखाली झाडताना डेलला काहीतरी सापडलं आणि हसून त्याने ते एकनाथकडे फेकलं. एकनाथने झेललं. पितळेचं, बोटाएवढं, आत स्प्रिंग असलेलं. हातात त्याचं वजन बसलं, थंडपणा कळला, आणि पुढे काहीच नाही. डेल हसतच होता. म्हणजे ही दोघांच्याही ओळखीची वस्तू आहे आणि आपणही हसायला हवं, एवढं उमगून एकनाथ हसला आणि त्याने ती वस्तू खिशात टाकली. घरी येऊन गॅरेजचं दार वर जाताना आठवलं. क्लेको. विमानाचे दोन पत्रे रिव्हेटचे खिळे मारेपर्यंत एकमेकांना धरून ठेवणारी पिन. याच गॅरेजमध्ये अकरा-बारा वर्षं त्याने अशा हजारो पिना लावल्या होत्या, काढल्या होत्या. नाव आठवल्यावर त्याला आनंद व्हायला हवा होता. तो गाडीतच बसून राहिला.

त्यानंतर तो उडाला नाही. त्याने डेलला फोन केला, म्हणाला, मेळाव्याला माझं विमान तूच घेऊन जा, मला पोरीबरोबर आणि नातीबरोबर गाडीतून यायचंय, असा वेळ पुन्हा कधी मिळणार. डेल खूश झाला. डॉक्टरची वेळही एकनाथने घेतली, ऑनलाइन, कोणाला न सांगता. ती सप्टेंबरातली मिळाली. आणि आता जुलै संपत आला होता, मुलगी गिरिजा नातीला, सईला, घेऊन न्यू जर्सीहून आली होती, आणि शनिवारी सकाळी चौघं विस्कॉन्सिनच्या रस्त्याला लागले होते. मॅडिसनच्या वर, मक्याच्या शेतांमधल्या एका लहानशा गवताच्या धावपट्टीवर घरी बांधलेल्या विमानांचा मेळावा होता. लोक आपापली विमानं घेऊन येतात, गवतावर रांगेने लावतात, एकमेकांची बघतात, तंबूत जेवतात, आणि ज्यांना हौस आहे त्यांना वर फिरवून आणतात. एकनाथ या मेळाव्याला दरवर्षी गाडीने आला होता, दुसऱ्यांची विमानं बघायला. यंदा त्याचं स्वतःचं विमान त्या रांगेत असणार होतं.

गाडी गिरिजा चालवत होती. तो तिच्या शेजारी बसला होता. मागे शुभा आणि सई. रॉकफर्डच्या अलीकडे गिरिजाने तो प्रश्न विचारलाच. "बाबा, मला अजून कळत नाही. होल पॉइंट काय होता? तुम्ही उडत येणार आणि आम्ही खालून ड्राइव्ह करत येणार, सई खिडकीतून बघणार. तुम्हीच तर दोन वर्षं हे सांगत होतात." त्याने डेलला सांगितलं तेच तिला सांगितलं. ती म्हणाली, स्वीट आहे, पण मला पटत नाही. मग तिने गाणी लावली. वेस्ट विंडसरला ती एका औषधाच्या कंपनीत संशोधन करते, आणि पटत नाही ते पुन्हा तपासायची तिची सवय त्याला माहीत होती. ही सवय त्याचीच होती. त्याने काचेला डोकं टेकलं. सोयाबीन, मका, मग पुन्हा सोयाबीन. दूर एका शेतावर फवारणीचं पिवळं विमान खाली आलं, झाडांच्या ओळीपाशी उभं राहिल्यासारखं झालं आणि वर गेलं. सई मागून ओरडली, ते बघा. त्याने बघितलं, आणि त्या अनोळखी वैमानिकाचा त्याला इतका मत्सर वाटला की तोंडाला कडवटपणा आला.

शुभाने मागून डबा पुढे केला. तिखटमिठाच्या पुऱ्या. तेलाचा आणि ओव्याचा वास गाडीभर झाला. त्या वासाने त्याला गॅरेज आठवलं, कारण हिवाळ्यातल्या रविवारी ती अशाच पुऱ्या डब्यात भरून गॅरेजमध्ये आणायची आणि दोघं हीटरजवळ बसून खायचे. विमानाच्या सुट्या भागांची पहिली खोकी आली तेव्हा ती म्हणाली होती, दोन्ही गाड्या बर्फात उभ्या राहणार तर. तेवढंच. मग एकदा रिव्हेट मारायची वेळ आली आणि लक्षात आलं की हे एकट्याचं काम नाही. पत्र्याच्या या बाजूने एकाने रिव्हेट ठोकायची बंदूक चालवायची, आणि त्या बाजूने दुसऱ्याने लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या टोकावर घट्ट धरून ठेवायचा. ठोकळा हलला की रिव्हेट वाकडा. डेल आठवड्यातून एकदा यायचा, ते पुरे पडत नव्हतं. शुभा कॉलेजात गणित शिकवून यायची, साडी बदलून जीन्स घालायची, कानात बोळे घालायची आणि पंखाच्या पोटात अर्धी शिरायची. दोघं एकमेकांना दिसत नसत. मधे पत्रा. "धरलं?" तो विचारायचा. "धरलं," आतून यायचं. मग धडधडाट, मग शांतता, मग पुन्हा तेच. कित्येक हिवाळे त्या दोघांचं बोलणं एवढंच होतं, आणि तरी त्याला वाटायचं की आपण लग्नानंतर इतकं कधी बोललो नाही. विमानात बसायला मात्र तिने पहिल्यापासून नकार दिला होता. तिला लिफ्टमध्येसुद्धा भीती वाटते. ती म्हणायची, मी बांधायला आहे, बसायला नाही.

"आजोबा, माझं नाव अजून आत आहे?" सईने विचारलं. आहे, तो म्हणाला. ती चार वर्षांची असताना डाव्या पंखाचा शेवटचा पत्रा बसवायच्या आधी त्याने तिला उचलून धरलं होतं आणि तिने आतल्या बाजूला काळ्या मार्करने आपलं नाव लिहिलं होतं. मग पत्रा कायमचा बंद झाला. तेव्हाच तिला त्याने शब्द दिला होता की या विमानात पहिली तू बसायचंस. वसंतात विमान पूर्ण तपासलं गेलं. नव्या विमानात सुरुवातीचे ठरावीक तास वैमानिकाने एकट्यानेच उडायचं असतं, तोवर कोणाला बरोबर घ्यायचं नसतं. ते तास त्याने एकट्याने पुरे केले होते. शब्द पाळण्यात आता कशाचीही अडचण उरलेली नव्हती. सईने मैत्रिणींना सांगितलं होतं. तिने गॉगल आणला होता.

त्याचा मोठा भाऊ नागपूरला भूगोलाचा मास्तर होता. दर रविवारी सकाळी, तिकडची संध्याकाळ, दोघं फोनवर एकमेकांचा चेहरा बघत बोलायचे. दादा हवामान सांगायचा, कोण गेलं ते सांगायचा, आणि विमान कुठवर आलं ते विचारायचा. शेपटी झाली का रे? काय रे, इंजिन कधी येतंय? मग बोलणी आखूड होत गेली. वहिनी शेजारी बसायला लागली, प्रश्नांची उत्तरं ती द्यायला लागली. आणि एका रविवारी दादाने कॅमेऱ्याकडे नीट बघितलं, चष्मा सारखा केला आणि अतिशय अदबीने विचारलं, "आपण कुठून बोलता?" एकनाथ म्हणाला, दादा, मी एकू. "हो, हो," दादा म्हणाला. "अहो, बसा ना." अहो. घरात हाच शब्द शुभाच्या तोंडी दिवसातून शंभरदा यायचा आणि त्याच्याइतकं जवळचं काही नव्हतं. दादाच्या तोंडून तो आला आणि दोघांच्या मधे सबंध पृथ्वी येऊन पडली. त्या दिवशी एकनाथ गॅरेजमध्ये गेला नाही. पुढच्या दोन वर्षांत दादा गेला. तेराव्याला तो नागपूरला होता. वहिनी म्हणाली, पहिलं काय गेलं ते आम्हाला कळलंच नाही हो भाऊजी, तुमच्या भावाला कळलं असेल, पण ते बोलले नाहीत. हे वाक्य तो तेव्हा फारसं ऐकत नव्हता. ते आता, बेलॉइटच्या अलीकडे, विस्कॉन्सिन राज्याची पाटी मागे पडताना, त्याला स्पष्ट ऐकू आलं.

मेळावा गेल्या वर्षीसारखाच होता. कापलेल्या गवताचा वास, पेट्रोलचा वास, तव्यावरच्या सॉसेजचा वास. रंगीत विमानं, लाकडी, कापडी, पत्र्याची, एक तर केवळ खुर्चीला पंख लावल्यासारखं. त्यांच्यामागे खुर्च्या टाकून बसलेले त्यांचे म्हातारे मालक. त्याचं विमान तिसऱ्या रांगेत होतं. पांढरं, कडेने शुभाने निवडलेला हळदीसारखा पट्टा. डेलने ते पुसून ठेवलं होतं. लोक येऊन पंखावरून हात फिरवत होते, रिव्हेटांच्या ओळी वाकून बघत होते, किती वर्षं लागली ते विचारत होते. एकाने म्हटलं, इतकं सरळ काम मी फार कमी बघितलंय. एकनाथने शुभाकडे बोट केलं, म्हणाला, अर्धं हिचं आहे. शुभा संकोचली, आणि तिने उन्हाची टोपी आणखी खाली ओढली. दुपारी वारा होता. चारनंतर तो पडेल असं सगळे म्हणत होते. एकनाथला तो पडू नये असं वाटत होतं. त्याने तंबूत बसून लेमोनेड घेतलं, धावपट्टीच्या टोकाला लावलेल्या वाऱ्याच्या नारिंगी पिशवीकडे बघत राहिला, आणि ती हळूहळू मऊ होऊन खाली लोंबायला लागली.

तो उठला. सई त्याच्या आधी उठली होती. तिला बरोबर घेऊन त्याने विमानाभोवती फेरी मारली. पंखाच्या कडा, चाकं, तेल, पेट्रोलचा नमुना काचेच्या नळीत घेऊन उजेडात धरणं. तिला तो प्रत्येक गोष्ट समजावून सांगत होता, आणि सांगताना त्याच्या लक्षात आलं की त्याला सगळं येतंय. प्रत्येक नाव जिभेवर, प्रत्येक हालचाल हातात. कित्येक आठवड्यांत इतकं स्वच्छ वाटलं नव्हतं. डोक्यावर निळं, खाली हिरवं, आणि मधे तो, सहासष्ट वर्षांचा, स्वतःच्या हाताने केलेल्या यंत्राच्या नाकावर तळवा ठेवून उभा. उगाच घाबरलो, त्याला वाटलं. उन्हाने झालं होतं. त्याने सईला आत बसवलं, पट्टे आवळले, कानावर हेडफोन चढवले. तिने गॉगल लावला. गिरिजा मोबाइल धरून व्हिडिओ घेत होती. शुभाने टोपी काढून हातात घेतली होती. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. पंख्याची पाती नाहीशी झाली, गवत मागे झोपलं, आणि विमान त्याच्या पायांच्या इशाऱ्यावर उड्या घेत, हळू, धावपट्टीच्या टोकाकडे निघालं.

टोकाला त्याने ते थांबवलं. तपासणीचं कार्ड त्याने सईच्या हातात दिलं. ती इंग्रजीत एकेक वाचायची, तो हात लावून उत्तर द्यायचा. पेट्रोल. दोन्ही टाक्या. दरवाजा. बंद, कडी लागलेली. पट्टे. आवळलेले. ती गंभीर आवाजात वाचत होती, चर्चमध्ये वाचावं तशी. एकही उत्तर अडलं नाही. शेवटची ओळ संपली, तिने कार्ड मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं. "ओके, आजोबा. डन. नाऊ यू." तिच्या गॉगलमध्ये त्याला दोन लहान एकनाथ दिसले. पुढे धावपट्टी रिकामी होती. सगळं येत होतं. आणि तेवढ्यात त्याच्या मनात, कोणी शांतपणे बाजूला येऊन बसावं तसा विचार येऊन बसला की तेव्हाही सगळं येत होतं. डेव्हनवर दिवा लाल होता तोवर त्याला सगळं येत होतं. त्या दुपारीही डोकं असंच स्वच्छ होतं, तो कशावरून तरी हसत होता. ते येताना सांगून येत नाही. त्यामुळे हा स्वच्छपणा कशाचीच हमी देत नव्हता. तो नुसता सुंदर होता. एकनाथने थ्रॉटलवर, इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या दांड्यावर, हात ठेवला. हाताला ते पुढे ढकलायचं होतं, हाताला ते इतकं हवं होतं की तळव्यात रक्त ठणकत होतं. वर गेल्यावर शेतं कशी दिसतात, सांजेच्या उन्हात मक्याच्या ओळी कंगव्याने विंचरल्यासारख्या कशा होतात, हे तिला दाखवायचं होतं. एक फेरी. जेमतेम दहा मिनिटं. काय होतंय दहा मिनिटांत? शेजारी नऊ वर्षांचं पोर वाट बघत होतं, आणि उतरताना, जमीन समोर येत असताना, जर पायरी नसली तर तिला काय करायचं ते ठाऊक नव्हतं. तिथे "अहो, चला ना" म्हणायला कोणी नव्हतं. रेडिओवर तो म्हणाला की मी परत येतोय, आणि त्याने विमान वळवलं.

अर्ध्या वाटेवर हेडफोनमधून सईचा बारीक आवाज आला. "मी राँग वाचलं का?"

"नाही गं बाई. तू अगदी बरोबर वाचलंस."

रांगेत येऊन त्याने इंजिन बंद केलं. पाती पुन्हा दिसायला लागली, फिरली, थांबली. कान भरून शांतता आली. तो उतरला तेव्हा शुभा पळत येत होती. इंजिनात काही बिघाड आहे का, तिने विचारलं. इंजिन ठीक आहे, तो म्हणाला, मी ठीक नाही. तिचा हात आधी त्याच्या छातीकडे गेला. छाती नाही, तो म्हणाला, आणि तिला शेपटीपाशी, जरा बाजूला घेऊन गेला. गिरिजा सईचे पट्टे सोडवत होती. हे कसं सांगायचं याची त्याने कधी जुळवाजुळव केली नव्हती.

"मधेच सगळं जातं," तो म्हणाला. "डेव्हनवर सिग्नलला उभे होतो. तू शेजारी होतीस. दिवा हिरवा झाला आणि निघायचं असतं हेच मला कळलं नाही."

"मी काय करत होते?"

"कोथिंबीर बघत होतीस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. ती तो रविवार शोधत होती हे त्याला दिसलं, आणि तो तिला सापडत नव्हता. तिच्यासाठी तो कोथिंबीर काळी निघालेला एक रविवार होता. आणखी काय, तिने विचारलं. त्याने हँगरमधल्या पिनेचं सांगितलं. डॉक्टरची वेळ सांगितली. "दादांसारखं?" ती अगदी हळू म्हणाली. माहीत नाही, तो म्हणाला. असेल, नसेलही.

गिरिजा मागे येऊन उभी होती. ती कधीपासून ऐकत होती ते त्याला कळलं नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ती येऊन आपल्याला जवळ घेईल असं त्याला वाटलं तोच ती बोलली.

"परवा तुम्ही आम्हाला एअरपोर्टवरून आणलंत."

"हो."

"नाइंटी हायवेवरून, बाबा. रश अवरला. सई मागे झोपली होती."

विमानाचा विचार त्याने रात्रंदिवस केला होता, आणि गाडीचा एकदाही केला नव्हता. गाडी त्याला चालण्यासारखी, श्वासासारखी वाटत होती. आणि जे झालं होतं ते गाडीतच झालं होतं. इतकी उघड गोष्ट. आयुष्यभर यंत्रांच्या चुका पकडणाऱ्या माणसाला ती दिसली नव्हती, का त्याने ती बघितली नव्हती? हाही प्रश्न आता कायमचा तसाच राहणार होता. गिरिजाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिचा राग त्या पाण्याने जराही विझलेला नव्हता. तो म्हणाला, "माझं चुकलं." शुभाने मुलीच्या दंडाला धरलं. पलीकडच्या विमानाचा मालक घडीची खुर्ची मिटत होता आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

डेल आला तेव्हा एकनाथने त्याला इंग्रजीत एवढंच सांगितलं की मी आता उडणार नाही, आजच नाही, यापुढेही नाही. डेलने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. त्याने कारण विचारलं नाही. तो म्हणाला, पोरीला मी फिरवून आणू का? सई विमानाच्या चाकाशी गवतात बसली होती. तिला गिरिजाने काय आणि किती सांगितलं होतं कोण जाणे. तिने नाही म्हणून मान हलवली. तिला आजोबांबरोबर जायचं होतं, ती थांबेल. कधीपर्यंत थांबशील, हे तिला कोणी विचारलं नाही.

मग शुभाने हातातली टोपी एकनाथकडे दिली. ती त्याने घेतली आणि तिच्याकडे बघितलं, पण तोवर ती पंखावर पाय ठेवायची जागा शोधत होती. "तू?" तो म्हणाला. ती म्हणाली, "मी बघून येते." डेलने हात दिला. तिने ओढणी कमरेला खोचली, दोन्ही हातांनी काठ धरून, डोळे मिटून, आत पाय टाकला. बसल्यावर तिने पट्टे स्वतःच आवळले. कुठला पट्टा कुठे जातो ते तिला दाखवावं लागलं नाही.

विमान गवतावरून निघालं. एकनाथ, गिरिजा आणि सई रांगेच्या टोकाला दोरीपाशी जाऊन उभे राहिले. गिरिजा त्याच्यापासून हातभर दूर होती. इंजिनाचा आवाज चढला, आणि तो आवाज ऐकून एकनाथ चमकला, कारण तो त्याच्या ओळखीचा नव्हता. आतून ते धडधडायचं, दातांत शिरायचं. बाहेरून ते गात होतं. पांढरं अंग त्यांच्या समोरून गेलं, शेपटी हलकी झाली, चाकं गवताला शिवली, पुन्हा शिवली, आणि मग खाली उजेड दिसायला लागला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हे त्याने कधी बघितलेलं नाही. पहिल्यांदा उडालं तेव्हाही तो आत होता. प्रत्येक वेळी तो आत होता. डेल इकडे घेऊन आला तेव्हा तो घरी होता. इतकी वर्षं जे त्याने उलटंसुलटं करून, आत डोकं घालून, टॉर्च मारून बघितलं, ते हवेत कसं दिसतं हे सगळ्या जगाला बघता आलं असतं, एक त्याला सोडून. त्याने पंख सरळ आहेत का ते बघितलं. होते. उजवीकडे वळताना कुठे कच खातंय का ते बघितलं. खात नव्हतं. मग त्याने तपासणं सोडलं आणि नुसतं बघितलं. ते फार लहान होतं. त्यात माणसं मावतात हे खरं वाटू नये इतकं. आत शुभाने डोळे उघडले असतील का?

वारा पडल्यामुळे आता बरेच जण उडत होते. झाडांपलीकडे एक वळत होतं, एक उंचावर होतं, दोन एकामागे एक लांब निघाली होती, आणि उतरतं ऊन समोरून डोळ्यांत येत होतं. त्याने डोळे चोळले, आणि पुन्हा वर बघितलं तेव्हा आकाशात नुसते ठिपके होते. सई दोरीवर पोट टेकून वर बघत होती. तिने विचारलं, "आजोबा, त्यातलं आपलं कोणतं?" तो एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर गेला, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. सगळे सारखेच काळे दिसत होते. शेजारी गिरिजा आकाशाकडे बघत नव्हती, ती त्याच्याकडे बघत होती, हे त्याला न वळताच कळलं. त्याने घाई केली नाही. डावीकडचा ठिपका कलला, त्याच्या पंखावरून ऊन सरकलं, आणि तो कलण्याचा वेग, पंखाची ती जराशी आखूड लांबी, नाक खाली न घालता वळण्याची ती तऱ्हा त्याने ओळखली.

"ते," तो म्हणाला, आणि त्याने हात लांब करून बोट दाखवलं. सईने त्याच्या दंडाला गाल लावून बोटाच्या रेघेत नेम धरला. सापडलं, ती म्हणाली. गिरिजा ते हातभर अंतर ओलांडून जवळ आली आणि तीही तिकडे बघायला लागली. ठिपका शेतांवरून पुढे जात होता, आणि एकनाथ बोट त्याच्यावरून हलू न देता, हात तसाच ताठ ठेवून, त्याच्याबरोबर हळूहळू वळत राहिला.